मोडलेल्या सौद्याला धनी नसतो

भिलाईच्या सेक्टर ७ मधल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत अकरा खोकी रचून ठेवली होती. ‘कुकर, कढया’, ‘गरम कपडे’, ‘फोटो – जपून’ असं मामीच्या अक्षरात लिहिलेलं. ‘देव’ लिहिलेलं खोकं तेवढं रिकामं होतं. घराचा सौदा मोडल्याचा फोन आला त्या संध्याकाळी मामीनं देव काढून परत फळीवर मांडले आणि दिवा लावला. बाकीची खोकी सोडायची की तशीच ठेवायची, हे अजून कुणी ठरवलं नव्हतं.

मामा भिलाई इस्पात संयंत्रातून, म्हणजे बीएसपीतून, निवृत्त झाले. आजोबा तुमसरहून इथं आले ते पहिली झोतभट्टी पेटण्याच्या सुमाराला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ ला तिचं उद्घाटन केलं. त्याआधी चार वर्षं, फेब्रुवारी १९५५ मध्ये, कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा तुमसरप्रमाणे भिलाईच्या दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी नागपूरच होती. म्हणून आपण परप्रांतात आलो असं आजोबांना कधी वाटलं नाही. तेव्हापासून हे घराणं कंपनीच्या क्वार्टरमध्येच राहिलं. स्वतःचं घर घेण्याची ही पहिलीच खेप.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे मामांचा भाचा, एलएलबीची दोन वर्षं करून बाहेर पडला आणि आता जुनवानी रोडवर प्रॉपर्टीचं ऑफिस चालवतो. मोडलेला सौदा त्याचा नव्हता. ‘घरच्या माणसाशी पैशाचा व्यवहार नको’ म्हणून मामा दुसऱ्याकडे गेले होते. भाऊ समाचाराला आला त्या सकाळचं हे बोलणं. मामी तांदळाच्या पिठाचे चिले करत होती आणि मी टमाट्याची चटणी वाढत होते.

मामा : चोर आहेत सगळे. तुला म्हणत नाही, पण धंदा तोच.

भाचा : मला म्हणालात तरी चालेल, मामा. रोज ऐकतो. आधी झालं काय ते तर सांगा.

मामा : स्मृतीनगरचं घर. बेचाळीस लाखात ठरलं. मालक पुण्याला मुलाकडे असतो. फोनवर ‘पक्कं समजा’ म्हणाला. आमचा पॉवर हाउस भागातला एजंट आणि मालकाचा एजंट, दोघं इथं ह्याच खुर्च्यांवर बसून चहा प्यायले. मी एक लाख एक हजार टोकन दिलं, मालकाच्या एजंटच्या हातात. तेवीस दिवसांनी म्हणतो, दुसरी पार्टी चव्वेचाळीस देऊन राहिली, मालकाचं मन बदललं. अन् टोकन? ‘मालकाशी बोलतो.’ आता फोनच उचलत नाही.

भाचा : टोकन कसं दिलं?

मामा : एकावन्न हजार रोख. पन्नास त्याच्या खात्यात टाकले.

भाचा : एकावन्न रोख कशाला?

मामा : तो म्हणाला, शगुन रोखीत बरा असतो.

भाचा : शगुन नारळाचा असतो, मामा. जमीनजुमल्याच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्या वर आगाऊ रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं २०१५ पासून बंदी आहे. घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. देणारा बुडतो तो वेगळ्या वाटेनं. त्याच्याकडे पुरावाच राहत नाही. बरं, पावती?

मामा : व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ‘रिसीव्ड वन लॅक वन थाउजंड, थँक यू सर.’

भाचा : कोणत्या घराचे? कोणाच्या वतीनं घेतले? किती दिवसांत काय करायचं? सौदा मोडला तर कोणी काय द्यायचं?

मामा : (जरा चिडून) अरे, माणसानं घरात बसून शब्द दिला. लग्न जुळवणारा मध्यस्थ असतो ना, त्यानं शब्द टाकला आणि पुढे सोयरीक मोडली, तर तो तोंड लपवून बसतो का? दोन्ही घरी जाऊन बोलणी खातो.

भाचा : बोलणी खातो, बरोबर. पण साखरपुड्याचा खर्च भरून देतो का?

मामा गप्प झाले. हा प्रश्न त्यांना लागला होता, पण पटला नव्हता.

मामा : मग तुम्ही कमिशन कशाचं घेता? बेचाळीस लाखाचा एक टक्का, म्हणजे बेचाळीस हजार. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. एवढं घ्यायचं अन् जबाबदारी काडीची नाही?

भाचा : मोडलेल्या सौद्याचे आम्हाला शून्य मिळतात. कराराच्या कायद्यातच आहे, १८७२ च्या. कलम २१९. वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. इंग्लंडमध्ये १९४१ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एक खटला गेला होता. सिनेमागृहं विकायची होती, एजंटनं गिऱ्हाईक आणलं, दहा हजार पौंड कमिशन ठरलेलं. मालकांनी शेवटी विकलीच नाहीत. एजंटला एक पेनी मिळाली नाही. आमचं तसंच आहे. मागच्या वर्षी एका साहेबांना मी चौदा घरं दाखवली. पेट्रोल माझं, उन्हाळा माझा. पंधरावं दाखवल्यावर ते माझ्या मागून थेट मालकाकडे गेले. रजिस्ट्री झाली हे मला रजिस्ट्री ऑफिससमोरच्या चहावाल्यानं सांगितलं. त्या साहेबांना चोर कोणी म्हणत नाही.

मामा : ते चूकच. पण तू बुडालास तो श्रमात. मी बुडालो तो जमा पुंजीत. हे क्वार्टर सोडायची मुदत डोक्यावर आहे. मुदतीनंतर राहिलं तर दंडाचं भाडं लागतं. ते ग्रॅच्युइटीतूनसुद्धा वळतं करता येतं, असं २०२० साली सुप्रीम कोर्टानं आमच्याच कंपनीच्या, सेलच्या, बोकारोच्या खटल्यात सांगितलंय. म्हणजे तिकडे टोकन अडकलं अन् इकडे घड्याळ चालू. मला तर असं वाटते का त्या एजंटनंच चव्वेचाळीसवाला उभा केला. भाव चढला म्हणजे त्याचं कमिशन चढलं.

भाचा : हिशेब करा, मामा. दोन लाख वाढले तर एक टक्क्यानं त्याचे वाढले दोन हजार. दोन हजारांसाठी कोणी जुळलेला सौदा मोडत नाही. आम्हाला चढा भाव नको असतो, लवकर रजिस्ट्री हवी असते. आज जुळलेलं घर उद्याच्या दोन हजारांपेक्षा बरं.

मामा : मग मोडला कशाला?

इथं भावानं चिल्याचा तुकडा हातातच ठेवला. पुढचं वाक्य बोलावं की नाही, याचा तो विचार करतोय हे मला दिसलं.

भाचा : तुमच्या बाजूनं पॉवर हाउसचा एजंट होता. म्हणजे मालकाच्या एजंटला एकच साइड मिळणार होती, बेचाळीस हजार. नवी पार्टी थेट त्याच्याकडे आली असेल तर दोन्ही साइड त्याच्याच. चव्वेचाळीस लाखावर दोन टक्के, अठ्ठ्याऐंशी हजार. भाव वाढल्यानं त्याला थोडंच मिळालं, तुमचा एजंट मधून गेल्यानं जास्त. असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण झालं असेल तर कारण हे असतं.

मामा : बाप्पा! म्हणजे मी मालकाशी भांडत बसलो अन् खेळ एजंटांच्या आपसातला होता.

भाचा : मालकानं हो म्हटल्याशिवाय काही होत नाही. पण दोन्ही बाजूंचा एजंट एकच असला की तो नेमका कोणाचा, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. कायद्यानं एजंट ज्याचा, त्याच्या हिताशी बांधलेला. गैरवर्तन केलं तर त्या कामाचा मोबदलाही जातो, कलम २२०. पण भिलाईत कोण कोणाचा एजंट, हे लिहून कोण देतो?

मामा : मग मी रेरात जातो. रायपूरला आहे ना ते स्थावर संपदा प्राधिकरण? एजंटची नोंदणी लागते, असं पेपरात वाचलं होतं.

भाचा : लागते, २०१६ च्या कायद्याच्या नवव्या कलमानं. पण कशासाठी, ते बघा. रेरात नोंदवलेल्या प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट विकायला मध्यस्थी करायची असेल तर. बिल्डरची नवी स्कीम असेल तर तक्रार चालेल. तिथं नोंदवलेल्या कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कमसुद्धा घेता येत नाही. तुमचं वीस वर्षांचं जुनं घर, मालक ते गिऱ्हाईक. ते त्या दारातून आत जात नाही. महाराष्ट्रात महारेरानं एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हायला लावलंय, पण जुन्या घराच्या सौद्यात कुंपण तिथंही तेवढंच.

मामा : म्हणजे नव्या घराला कायदा अन् जुन्या घराला नशीब?

भाचा : जुन्या घराला जुना कायदा. संपत्ती हस्तांतरणाचा, १८८२ चा. त्यात स्वच्छ लिहिलंय की विक्रीचा नुसता करार झाला म्हणून मालमत्तेत हक्क तयार होत नाही. हक्क येतो रजिस्ट्रीनं. करारानं फक्त मागता येतं. एक तर ‘करार पाळ’, नाही तर ‘पैसे दे’. तोंडी करारही करार असू शकतो, पण कोर्टात सिद्ध करायला तुमच्याकडे आहेत दोन रिकामे कप.

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, “कप पण विसळून टाकले मी.” मामा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

भाचा : राग मानू नका, पण एक बोलू? तुमच्यासारख्या बीएसपीवाल्यांचे सौदे जास्त मोडतात. जिंदगीत घर विकत घेतलेलं नसतं. अलॉट झालेलं असतं.

मामा : ते खरं आहे. ग्रेड, सीनियॉरिटी, मग नगर सेवा विभागाचं पत्र. पत्रावर क्वार्टरचा नंबर आला की किल्ली आपलीच. मधे कोणी येऊन ‘मी दोन लाख जास्त देतो’ म्हणू शकत नव्हता.

भाचा : तेच. तुम्ही टोकनला अलॉटमेंट लेटर समजलात आणि रजिस्ट्रीच्या आधी खोकी भरली. पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल.

मामा : अन् तुम्ही लोक आम्हाला तसं समजू देता! ‘सर, घर तुमचंच झालं, मिठाई केव्हा?’ हे कोण म्हणालं? टोकन घेताना गोड बोलायचं अन् मोडल्यावर कलम २१९ सांगायचं. शब्दाला किंमत नाही असं तू म्हणतोस, पण तुमचा सगळा धंदा शब्दावरच उभा आहे. फक्त आमच्या शब्दावर!

या वेळी गप्प बसण्याची पाळी भावाची होती. मला वाटलं, इथं दोघांचंही खरं आहे. अलॉटमेंटच्या गावात माणसं सज्जन झाली ती पत्राच्या भरवशावर, आणि पत्र गेल्यावरही सज्जनपणा तेवढाच राहिला. एजंटांनी तो फुकटात वापरला.

भाचा : (थोड्या वेळानं) मान्य. ‘मिठाई केव्हा’ मीही म्हणतो. पार्टी ढिली पडू नये म्हणून.

मामा : बरं, लिहिलं असतं तर कोर्टानं ऐकलं असतं?

भाचा : ऐकलं आहे. दिल्लीच्या एका खटल्यात सत्तर लाखांचं घर होतं, सात लाख इसार. करारात लिहिलं होतं की घेणारा फिरला तर इसार जप्त, देणारा फिरला तर दुप्पट परत. घेणारा फिरला. सुप्रीम कोर्टानं २०१२ साली सांगितलं, इसार ही शब्द पाळण्याची हमी आहे, जप्ती बरोबर. ती रक्कम नुसती आगाऊ असती तर जप्त करता आली नसती.

मामा : म्हणजे आपल्या आजोबांचा ‘इसार’ शब्द कोर्टातही वेगळा निघाला! इथं आपण सगळ्यालाच टोकन म्हणतो.

भाचा : टोकन म्हटलं की कोणी विचारत नाही, हमी की हप्ता. पण जप्तीलाही लगाम आहे. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, २०१५. प्राधिकरणानं लिलावातले अठ्ठ्याहत्तर लाख जप्त केले आणि तोच प्लॉट पुढे तिप्पटीच्या वर भावानं विकला. कोर्ट म्हणालं, तुमचं नुकसान कुठं झालं? पैसे परत करा. म्हणजे मोडल्यावर कोणाला काय मिळेल, ते दोन गोष्टींवर ठरतं. कागदावर काय लिहिलं आणि खरं नुकसान कोणाचं झालं.

मामा : तुझी ताई सांगत होती, लंडनकडेही हेच चालतं. (मामांची मुलगी तिकडे असते.) तिचंही एक घर असंच हातातून गेलं.

भाचा : इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंच्या वकिलांनी करारपत्रांची अदलाबदल करेपर्यंत कोणीच बांधलेला नसतो. चढा भाव आला म्हणून मालक फिरला तर त्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, गझम्पिंग. शेजारी स्कॉटलंडमध्ये मात्र वकिलांची पत्रापत्री जुळली की सौदा तिथंच बांधला जातो, म्हणून तिकडे हे फार कमी. माणसं तीच, मामा. गाठ लवकर मारली की उशिरा, एवढाच फरक.

मामा : बरं, आता माझ्या एक लाख एक हजाराचं सांग.

भाचा : आज एकच मेसेज, मालकाला आणि त्याच्या एजंटला, दोघांना सारखाच. घराचा पत्ता, ठरलेला भाव, तारीख, किती रोख, किती खात्यात, आणि ‘सौदा आपण मोडल्यामुळे पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करावी’. मालकाकडून एकच उत्तर काढायचं. टोकन त्याच्यापर्यंत पोहोचलं का? पोहोचलं म्हणाला तर देणं त्याचं. नाही म्हणाला तर एजंटनं कोणासाठी घेतलं, ते एजंटनं सांगावं. भांडण त्या दोघांत गेलं की पैसे लवकर सुटतात. नाही सुटले तर वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तितकं थांबू नका. पन्नास हजार बँकेत दिसतात. एकावन्नसाठी ते ‘थँक यू सर’ जपून ठेवा. आज तेच तुमचं सोनं.

मामा : अन् पुढचं घर?

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन भाच्याकडे सरकवलं. पुढची वीस मिनिटं दोघं एकेका शब्दावर अडले. शेवटी कागदावर आलं ते असं : घराचा पत्ता, मालकाचं नाव आणि सही, तो गावात नसेल तर त्याच्याच नंबरवरून होकार. रक्कम ‘इसार’ म्हणून, थेट मालकाच्या खात्यात, एजंटच्या हातात काही नाही. इकरारनाम्याची तारीख. मालक फिरला तर दुप्पट. घेणारा मनानं फिरला तर इसार गेला. बँकेनं कर्ज नाकारलं, किंवा बी-वन, खसरा, डायवर्शनच्या कागदात दोष निघाला, तर सगळी रक्कम परत. एजंट कोणाचा, आणि दोघांचा असेल तर तसं दोघांना माहीत.

मामा : अजून एक लिही. ‘दुसरी ऑफर आली तर एजंट लगेच कळवेल.’

भाचा : (पेन थांबवून) हे लिहिलं तर अर्ध्या पार्ट्या पळतील. मालक म्हणेल, माझे पत्ते उघडे का करता?

मामा : तू तुझ्या गिऱ्हाइकांकडून असल्या कागदावर सही घेशील का नाही, तेवढं सांग.

भावानं बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग ‘लगेच’ खोडून ‘त्याच दिवशी’ लिहिलं. म्हणाला, “लगेचचा अर्थ कोणीही काहीही काढतो. हे टिकेल.”

मामा : ठीक. आता घर तूच बघ. रिसाली, नेहरूनगर, कुठंही. अन् पैसे सांग तुझे.

भाचा : तुमच्याकडून पैसे? मामा, काहीतरीच काय!

मामा : म्हणूनच मी तुझ्याकडे आलो नव्हतो. फुकट काम करणाऱ्या माणसाला जाब विचारता येत नाही. भाच्याला तर नाहीच. तूच म्हणालास ना, कलम २१९ मध्ये ‘वेगळं काही ठरलेलं नसेल तर’ असं आहे? मग वेगळं ठरवू. घरं दाखवायचे, कागद तपासायचे ठरावीक पैसे, सौदा जुळो न जुळो. रजिस्ट्री झाली तर कमिशन, पण अर्धा टक्का. मोडला तरी तुला काही मिळालेलं असलं, म्हणजे मोडल्यावर फोन उचलायला तू असशील.

भाचा : असं कोणी देत नाही, मामा.

मामा : कोणी मागितलं होतं का?

भाऊ हसला नाही. त्यानं कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली, दाखवण्याची फी. आकडा मोकळा सोडला आणि पेन मामांकडे दिलं. मामी चिल्याची दुसरी ताटली घेऊन आली, कागद वाचला आणि खोक्यांकडे वळून म्हणाली, “कुकरचं खोकं सोडते. बाकीची राहू देत.”